जुन्या रेकॉर्डींबाबत काही किरकोळ हरकती

मुंबईत जुन्या रेकॉर्डी कुठे मिळतात असं विचारलं की जाणकार माणूस आधी डोळे मिटतो आणि मग बंद पडलेल्या दुकानाचा पत्ता सांगतो. ‘काळा घोड्याला ऱ्हिदम हाउस आहे, तिथे जा,’ हे मला आजवर इतक्या आपुलकीनं सांगण्यात आलं आहे, की ते दुकान २०१६ सालीच बंद झालं हे उलट सांगणं असभ्यपणाचं वाटतं. बातमी सगळ्या वर्तमानपत्रांत आली होती. भंडाऱ्यातही वर्तमानपत्र येतं. पण दुकान बंद झाल्याचं नुसतं सुचवलं तरी जाणकाराच्या आठवणींना ऊत येतो. तिथे काचेच्या खोलीत उभं राहून रेकॉर्ड आधी ऐकायला मिळायची, तासभर ऐकून काही न घेता बाहेर पडलं तरी कोणी एका शब्दानं बोलायचं नाही, असं तो सांगतो. दुकान का बंद पडलं असावं याचा थोडा उलगडा होतो.

आमच्या भंडाऱ्यात असं दुकान बंद पडण्याचा प्रश्न आला नाही, कारण ते उघडलंच नाही. इथे पितळेची भांडी मिळतात, तांदूळ मिळतो, हंगामात तलावातले शिंगाडे मिळतात. साठ किलोमीटरवर नागपूर आहे. तिथे चौकशी केली की ‘मागच्या महिन्यात आले असते तर’ असं उत्तर येतं. महिना बदलला तरी उत्तर बदलत नाही. त्यामुळे रेकॉर्ड पाहिजे असेल तर मुंबई, हे सर्वांनी मिळून ठरवून टाकलं आहे.

मला पाहिजे असलेली वस्तू काही जगावेगळी नाही. ‘कट्यार काळजात घुसली’च्या पदांची रेकॉर्ड, एवढीच मागणी आहे. नाटक १९६७ सालचं. लिहिणारे पुरुषोत्तम दारव्हेकर नागपूरचे. खाँसाहेबांची भूमिका अजरामर करणारे वसंतराव देशपांडे मूर्तिजापूरचे. संगीत अभिषेकीबुवांचं, ते गोव्याचे. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण एकंदर हिशेब केला तर या नाटकातला बराचसा ऐवज विदर्भातून गेलेला आहे, आणि तो परत पाहायचा तर विदर्भातल्या माणसाला पश्चिमेकडे नऊशे किलोमीटर जावं लागतं. गेला तेव्हा त्याला कोणी तिकीट मागितलं नसावं.

प्रवासाची सुरुवात भंडारा रोड स्टेशनापासून होते. हे स्टेशन भंडाऱ्यात नाही, वरठीला आहे. यात फसवणूक झाली असं म्हणता येत नाही. नावातच रोड आहे, आणि तो रोड दहाएक किलोमीटरचा आहे. गोंदियाहून निघालेली विदर्भ एक्सप्रेस दुपारी तिथे येते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईला पोचवते. राज्य सरकारी कार्यालयांना २०२० सालापासून पाच दिवसांचा आठवडा आहे. तेव्हा गुरुवारी अर्धी आणि शुक्रवारी पूर्ण किरकोळ रजा टाकली, की शुक्रवार, शनिवार, रविवार असे तीन दिवस हाताशी येतात. हे गणित जिल्ह्यातला कोणताही कारकून झोपेत मांडतो.

शुक्रवारी चोर बाजार बंद असतो.

अगदीच बंद असतो असं म्हटलं तर अन्याय होईल. पक्की दुकानं बंद असतात, पण त्या दिवशी भल्या पहाटे रस्त्यावर जुन्या सामानाचा बाजार भरतो. बूट, नळ, चार्जर, कशाची तरी झाकणं, क्वचित रेकॉर्डीसुद्धा. हा बाजार ऐन भरात असतो तेव्हा माझी गाडी कसाऱ्याचा घाट उतरत असते. मी सांडहर्स्ट रोडला उतरून मटन स्ट्रीटवर पोचतो तेव्हा बंद शटरं आणि एकेक बूट उरलेला असतो. शुक्रवार असा जातो. मग रविवार धरावा, तर रविवारी फोर्ट बंद. दादाभाई नवरोजी मार्गाच्या कमानींखाली एरवी माणसाला पाय ठेवायला जागा नसते, तिथे रविवारी कबुतरं मोकळेपणानं फिरत असतात. राहता राहिला शनिवार. शनिवारी डोंबिवलीच्या मावसभावाकडे जेवण असतं.

मावसभाऊ प्रेमळ आहे. वहिनी आग्रह करून वाढतात. जेवण उरकायला तीन वाजतात, आणि मग मावसभाऊ मोबाईल पुढे करून म्हणतो, “दादा, हे घे तुझं कट्यार. फुकट आहे. यासाठी एवढा आलास होय?” माझ्या समाधानाखातर तो ते लावतोसुद्धा. मधेच जाहिरात येते. जाहिरात पुढे ढकलता येत नाही म्हणून आम्ही सगळे मिळून ती ऐकतो. ही सेवा फुकट असल्यामुळे तिच्याविषयी तक्रार नोंदवण्याची सोय नाही.

तर शनिवारी उशिरा का होईना, मटन स्ट्रीट गाठली, असं समजू. दुकान सापडतं. जुन्या रेकॉर्डींच्या दुकानाची एक ठरलेली रचना असते, आणि ती कोणी ठरवली हे शोधून काढायला हवं. रेकॉर्डी उभ्या, एकीला एक चिकटून, आणि कव्हराचा कणा इतका बारीक की त्यावरचं नाव वाचायला भिंग पाहिजे. क्रम कोणताच नाही. हाताच्या उंचीवर जे ठेवलेलं असतं ते कोणालाच नको असतं: जिम रीव्हज. भारतात एके काळी घरटी एक जिम रीव्हज वाटण्यात आला होता असं वाटावं इतका जिम रीव्हज या देशाच्या गठ्ठ्यांत आहे. त्याच्यानंतर बोनी एम. त्यानंतर ‘शोले’च्या संवादांची एलपी, जी मला आजवर प्रत्येक दुकानात दिसली आहे. गब्बरसिंगाला पकडायला ठाकूरला इतका त्रास का झाला कळत नाही. तो मटन स्ट्रीटवर कधीही मिळतो. त्यानंतर नाझिया हसनची ‘डिस्को दीवाने’. ती काढायला हात गेला रे गेला की दुकानदार चहाचा पेला खाली ठेवतो, कारण हल्ली दाढीवाली तरुण मुलं तिच्यासाठी भांडतात.

“मराठी?” मी विचारतो.

“मराठी नीचे है चाचा. गुजराती के नीचे.”

हा विषय १ मे १९६० रोजी निकाली निघाला आहे अशी माझी समजूत होती. पण मी वाद घालत नाही, जमिनीवर बसतो. गुजराती गरब्यांचा गठ्ठा बाजूला सारला की खाली मराठी लागतं. भजनं, लावण्या, दादा कोंडके, कोणाचं तरी प्रवचन, आणि खालून लागलेली ओल. पन्नाशीच्या माणसानं या गठ्ठ्यापुढे किती वेळ उकिडवं बसावं याला मर्यादा आहे, आणि ती मर्यादा संपते नेमकी ‘क’ जवळ आल्यावर असं म्हणायला आवडलं असतं, पण क्रमच नसल्यामुळे ‘क’ कुठेही असू शकतो.

तरी कट्यार सापडली. कव्हर सापडलं, असं म्हणणं अधिक बरोबर. कोपरा उंदरानं चाखलेला होता, बाकी ठीक. रेकॉर्ड बाहेर ओढली, तर आत जिम रीव्हज.

इथे मला गौहर जानची बाजू मांडायची आहे. १९०२ साली कलकत्त्यात फ्रेड गेसबर्गनं तिचं गाणं ध्वनिमुद्रित केलं, तेव्हा गाणं संपल्यावर ती इंग्रजीतून स्वतःचं नाव पुकारत असे. त्या काळी आपल्या रेकॉर्डी जर्मनीत हॅनोव्हरला छापून यायच्या. तिथल्या कामगारांना कोणाच्या गाण्यावर कोणाचं लेबल चिकटवायचं हे कळावं, म्हणून ही व्यवस्था. सव्वाशे वर्षांपूर्वी एका बाईनं हा प्रश्न कायमचा सोडवला होता. त्यानंतर कव्हरं आली, त्यांवर रंगीत चित्रं आली, मागे कलावंतांची माहिती आली, आणि आत काय आहे ते पुन्हा कळेनासं झालं. दुकानदाराला मी रेकॉर्ड दाखवली. त्यानं ती उलटून पाहिली आणि म्हणाला, “ये भी अच्छा गाता है.”

किंमत कुठेही लिहिलेली नसते. ती गिऱ्हाइकानं रेकॉर्ड किती वेळ हातात धरली त्यावर वाढते, म्हणून सराईत मंडळी हवी ती रेकॉर्ड न पाहताच बाजूला सारतात, नको असलेल्या चार रेकॉर्डींवर तोंडभरून प्रेम करतात आणि निघता निघता ‘ये भी दे दो’ म्हणून खरी रेकॉर्ड काखेत मारतात. हे नाट्य मला जमत नाही. आमच्याकडे भाजीवालीसमोर कारलं घ्यायचं असलं की कारल्याकडेच पाहतात.

त्या दिवशी दुकानात एक सद्गृहस्थ होते. असे एक सद्गृहस्थ प्रत्येक दुकानात आधीपासून बसलेले असतात आणि स्टूल त्यांच्याकडे असतं. ते गाण्याचं नाव घेत नाहीत, क्रमांक घेतात. ईएएलपी अमुक, ईसीएलपी तमुक, ७८ची एन अमुक हजार इतके. दुकानदार क्रमांकानंच उत्तर देतो. रेल्वेच्या चौकशी खिडकीवर बसल्यासारखं वाटू लागतं. हे लोक वाईट नव्हेत. मुंबईत १९९० साली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था निघाली. सुरेश चांदवणकर आणि त्यांच्यासारख्यांनी वर्षानुवर्षं पदरमोड करून जुन्या रेकॉर्डींची माहिती जमवली, छापली, लोकांना जमवून रेकॉर्डी ऐकवल्या. त्यांच्यामुळे आपल्याकडे कोणती रेकॉर्ड नाही हे माणसाला फार नेमकेपणानं समजतं. सद्गृहस्थांनी माझ्या हातातलं कव्हर पाहिलं आणि सांगितलं की आतली तबकडी त्यांच्याकडे आहे. कव्हर नाही.

मी म्हटलं, मग आपण काहीतरी जमवू. ते म्हणाले, जमवू की, हे कव्हर मला देऊन टाका.

माझ्या मोठ्या हरकतीचं स्वरूप ऐतिहासिक आहे आणि तिचा या दुकानाशी थेट संबंध नाही, तरी ती इथेच नोंदवतो. विनाइल येण्याआधीच्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या रेकॉर्डी लाखेच्या असत. लाख, दगडाची भुकटी, काजळी असं एकत्र करून गरम साच्यात दाबलं की रेकॉर्ड. ही लाख म्हणजे पळसाच्या, कुसुमाच्या फांद्यांवर बसून एका किड्यानं केलेलं काम. आता पळस म्हटलं की आमचा जिल्हा. गोंदिया १ मे १९९९ रोजी वेगळा झाला, त्याआधीच्या जुन्या भंडारा जिल्ह्यात लाख निघायची, गोंदियाला लाखेचा व्यापार चालायचा. काड्या खरवडून, वितळवून, ताणून तिचा चपडा करायचे आणि तो पोत्यांतून बाहेर जायचा. तोही वजनावर. पुढे कलकत्त्याजवळ डमडमला १९२८ सालापासून ग्रामोफोन कंपनीचा मोठा कारखाना चालू झाला आणि देशभरच्या बालगंधर्वभक्तांची सोय झाली. आमच्या पळसावरची लाख त्यातल्या कोणत्या रेकॉर्डीत गेली याची नोंद कोणी ठेवली नाही. मग १९४८ साली अमेरिकेत कोलंबियानं विनाइलची लाँग प्ले काढली, किड्याची गरज संपली. पळस आहे तिथेच आहे. आता ७८ची रेकॉर्ड मटन स्ट्रीटवर हातात घेतली की दुकानदार म्हणतो, “संभालके, टूट जाएगा, अँटिक है.” किड्याच्या जिल्ह्यातून आलेल्या माणसाला हे ऐकून घ्यावं लागतं.

अँटिकवरून आठवलं. त्याच दुकानात दाराशी एक ग्रामोफोन होता. खाली लाकडी पेटी, वर फुलासारखा पिवळाधमक भोंगा, पेटीवर कुत्र्याचं चित्र. “ब्रिटिश टाइम का है, प्युअर ब्रास,” असं सांगण्यात आलं. भंडाऱ्याच्या माणसाला पितळ दाखवू नये. पितळेच्या ठोकाठोकीच्या आवाजात आमच्या पिढ्या झोपल्या आहेत. पत्रा कालपरवाचा, जोड घाईचा, चकाकी पुड्यातल्या पावडरीची. शिवाय त्या काळचे कितीतरी अस्सल भोंगे साध्या लोखंडी पत्र्याचे, वरून रंग दिलेले असत. मी एवढंच विचारलं की मोडीत दिलं तर काय भाव येईल. त्यानंतर दुकानदारानं मला चाचा म्हणणं सोडलं.

तरीही मी एक रेकॉर्ड घेतली. ‘बॉबी’ची. ‘बॉबी’ मला नको होती. पण कव्हरावर हिरव्या ऑइलपेंटनं, ब्रशनं, तुमसरच्या एका लाऊडस्पीकरवाल्याचं नाव लिहिलेलं होतं. आमच्याकडे लग्नात, मंडईत, गणपतीत जे पोंगे झाडाला बांधले जायचे, त्यांच्या मालकांकडे रेकॉर्डींच्या ट्रंका असत, आणि वऱ्हाडातल्या पोरांनी चोरू नयेत म्हणून प्रत्येकीवर अशी नावं घातलेली असत. कॅसेटी आल्या तेव्हा या ट्रंका भंगारात गेल्या. किलोवर. तुमसरहून किलोवर निघालेली ‘बॉबी’ मुंबईत नगावर आली होती. मी म्हटलं, यावर रंग सांडलाय, किंमत कमी करा. दुकानदार म्हणाला, “वो रंग नहीं है, ओरिजिनल ओनर का सिग्नेचर है,” आणि त्याबद्दलचे वेगळे लावले. लाऊडस्पीकरवाल्याची रेकॉर्ड म्हणजे सगळ्यांत वाईट रेकॉर्ड, हे त्याला आणि मला दोघांनाही ठाऊक होतं. जड पिकअप, वर्षानुवर्षं न बदललेली सुई, आणि एकाच गाण्याची वारंवार फर्माईश. ऋषी कपूरपेक्षा खरखर मोठी ऐकू येते. पण जिल्ह्याची मालमत्ता परजिल्ह्यात पडून आहे हे पाहून सरकारी नोकराला गप्प बसता येत नाही.

परतीच्या प्रवासात एलपी कशी न्यावी यावर कोणी मार्गदर्शन करत नाही. ती आडवी ठेवली तर वाकते, उभी ठेवली तर बर्थखाली मावत नाही, मांडीवर ठेवली तर समोरचे काका विचारतात, “फोटो कोणाचा?” आणि उत्तर ऐकून घेण्याआधी तिच्यावर डबा ठेवतात. बारा इंच व्यास ठरवताना कोणी रेल्वेच्या डब्याचा विचार केलेला दिसत नाही. आमच्या उन्हाळ्याचाही केलेला नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. टिनाच्या छपराखाली ठेवलेली रेकॉर्ड दुपारपर्यंत भाजलेल्या पापडासारखी कडेनं वर येते, मग तिच्यावर सुई चढउतार करत जाते आणि वसंतरावांनी कधी न घेतलेल्या ताना ऐकू येतात. म्हणून आमच्या घरी रेकॉर्डी कूलरसमोर आणि माणसं कूलरच्या बाजूला बसतात. या व्यवस्थेबद्दल सौ.नी आपली हरकत स्वतंत्रपणे नोंदवली आहे. “अजी, तवे कूलरपुढे आन् आमी चुलीपुढे,” असा तिचा मसुदा आहे.

सुई मुंबईत घ्यायची राहिली. वडिलांच्या एचएमव्ही फिएस्टाला लागणारी सुई कुठे मिळेल असं फोर्टातल्या एका पदपथावर विचारलं होतं. माणूस म्हणाला, मिळेल, गोडाऊनमध्ये आहे, सोमवारी या. सोमवारी मी कार्यालयात आवक-जावक नोंदवही भरत होतो.

मुंबईला रेकॉर्डी घ्यायला जाणारा माणूस आमच्या मोहल्ल्यात आहे, ही बातमी मात्र मी परत येण्याआधीच पसरली होती. पुढच्या आठवड्यात भंगारवाल्यानं सायकल दाराशी लावली. वर्तमानपत्राची रद्दी तो आजवर निमूटपणे तोलून न्यायचा. त्या दिवशी त्यानं काटा काढलाच नाही. पोत्यातून एक रेकॉर्ड काढली. कव्हर नाही, कडेला टवका, आणि मधलं लेबल पाण्यानं निघून गेलेलं.

“कायची आहे?” मी विचारलं.

“आता ते तुमीच सांगा नं भाऊ. मुंबईले तुमी जाता.”

“किती?”

त्यानं मटन स्ट्रीटचा भाव सांगितला.

मी म्हटलं, “अरे, कालपर्यंत हे किलोनं द्यायचा नं?”

“द्यायचो नं,” तो म्हणाला. “पन लवकर पाहा भाऊ. रविवारी मुंबईचा एक जन येऊन रायला घ्याले.”